बोया किती लिटरचा हे विचारलं, किती खोल जाणार हे विचारलंच नाही: एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या रबाळेच्या छोट्या वर्कशॉपमधलं आहे. दोर, बोये (पाण्यावर तरंगणारे फुगे), जाळ्याचं सामान आणि त्याला लागणारं फिटिंग, हे माझं रोजचं काम. ज्याच्यासाठी हे काम केलं त्याचं नाव, कंपनी, बोट यांतलं काही देत नाही. त्याला डायव्हर म्हणतो. त्याची परवानगी घेऊन लिहितोय. या प्रकरणातली पहिली चूक माझ्या टेबलावर झाली होती, तीही लिहून ठेवतो.

पार्श्वभूमी

डायव्हर बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातला. वडील तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके, अजूनही बोटीवर जातात. पोरगा इंजिनिअर झाला, ऐरोलीत भाड्याने राहिला आणि मग नोकरीने त्याला दक्षिण आफ्रिकेत डर्बनला नेलं. तिथे तो स्पिअरफिशिंग शिकला. पाठीवर टाकी नाही, एका श्वासात बुडी मारायची, रबराच्या ताणावर चालणाऱ्या बंदुकीतून भाला सोडायचा आणि एकच मासा निवडून मारायचा. तिथल्या नियमाप्रमाणे परवाना काढून तो हे करतो.

तिकडचे डायव्हर ज्या माशामागे असतात त्याला ते कूटा म्हणतात. फोटो आला तेव्हा त्याच्या आईने एका नजरेत ओळखला: सुरमई! बाजारात आपण दोन-तीन किलोची बघतो, तीच जात. तिकडे उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, वीस-पंचवीस किलोची किनाऱ्याजवळ येते. खोल निळ्या पाण्यात कुपाही मिळतो आणि तो याहून कितीतरी जड.

एवढा मासा भाला लागल्यावर हातात धरून ठेवता येत नाही. त्यासाठी भाल्यापासून वरपर्यंत दोर आणि दोराच्या टोकाला बोया. मासा पळतो, दोर ओढतो, बोया पाण्यात घासत मागे जातो आणि त्या ओढीने मासा दमतो. माणूस या सगळ्यापासून सुटा असायला हवा. सगळी रचना याच एका गोष्टीसाठी असते.

दिवाळीच्या सुट्टीत तो माझ्याकडे आला. म्हणाला, "दादा, तीस मीटर मजबूत दोर दे, बोया माझ्याकडे आहे." आमचा पहिला निर्णय इथे झाला. ठाण्याला जांभळी नाक्यावरून कालच आणलेला 8 मिलिमीटरचा तीन पेडी नायलॉनचा दोर समोरच पडला होता. मी तो दिला. मजबूत हवाय ना, मग नायलॉन. बोया त्याने दाखवला: उघड्या पाण्यात पोहणारे लोक कमरेला बांधतात तसा फुगवायचा, पातळ कातडीचा, साधारण 20 लिटरचा. मला तो पुरेसा मोठा वाटला. वीस लिटर म्हणजे वीस किलोची उचल, असा हिशेब मी तोंडाने केला.

घटना

फेब्रुवारीत, किनाऱ्यापासून दूर, चाळीसेक मीटर पाण्यात तो उतरला. दोर बंदुकीच्या मुठीला बांधलेला, दुसऱ्या टोकाला बोया. दहा मीटरवर त्याने मोठ्या सुरमईला भाला मारला आणि वर यायला लागला. मासा खाली आणि बाजूला पळाला. दोर त्याच्या बाजूने सुटत गेला आणि त्याचा एक फेरा उजव्या पायाच्या घोट्याभोवती, फिनच्या (पायात घालायच्या रबरी पंखाच्या) पट्ट्याखाली बसला.

पुढचं त्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा तो मध्ये मध्ये थांबत होता. पृष्ठभाग पाच मीटरवर होता, बोटीचा तळ दिसत होता आणि तो खाली चालला होता. चाकू उजव्याच पोटरीला लावलेला. वाकून हात नेला, पण दोराच्या ताणाने पाय मागे खेचलेला, बोटं मुठीपर्यंत पोचेनात. शेवटी त्याने डाव्या पायाने उजवा फिन टाचेतून ढकलून काढला. फिन, दोर, बंदूक, मासा सगळं खाली गेलं. तो वर आला. जोडीदाराने त्याला धरलं.

बोया त्या वेळी पृष्ठभागावर नव्हता. बोटवाल्याने तासभर शोधला. मिळाला नाही.

नेमकं काय चुकलं

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो सुट्टीवर आला. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असल्याने त्याचे वडीलही घरी होते. आम्ही तिघं दिवाळ्याला ओटीवर बसलो, मी कागदावर आकृती काढत होतो. काकांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, दोराचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पोराला म्हणाले, "नायलॉन पान्यान बुरतंय. मना इचारलास का?"

मी चार पिढ्यांच्या कोळ्यांना दोर विकतो. नायलॉनची घनता 1.14, ते समुद्रात बुडतं. पॉलिप्रोपिलीनची 0.91, ते तरंगतं. हे मला तोंडपाठ आहे. पण गिऱ्हाइकाने "मजबूत" हा शब्द वापरला आणि मी फक्त मजबुतीचं उत्तर दिलं. दहा मीटरवर बुडी मारणाऱ्याच्या हातात तीस मीटर दोर असतो, म्हणजे वीस मीटर ढिला. तरंगणारा असेल तर तो ढिला भाग वर पाण्यावर पसरून राहतो. बुडणारा असेल तर त्याचा झोळ नेमका त्या उंचीवर लटकतो जिथून माणूस वर येणार असतो. त्यात तीन पेडी पीळ. ताण आला की असा दोर उलगडत फिरतो, ताण सुटला की त्याच पिळाने गोल वेढे घेतो. पायात बसलेला फेरा असा तयार झाला.

दुसरी चूक बांधण्याची. दोर बंदुकीला, बंदूक हातात. मासा ओढतो ते थेट माणसाला. सोडली तर बंदूक गेली म्हणून माणूस एक क्षण जास्त धरतो. तो क्षण त्यानेही धरला होता, त्याने कबूल केलं. तिसरी, चाकूची जागा.

चौथी चूक बोयाची, आणि तिथे मला पुरावा हवा होता.

शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे एक प्रेशर व्हेसल, म्हणजे दाब सहन करणारी बंद टाकी, पाण्याच्या दाबाच्या चाचणीसाठी उभं होतं, मॅनहोलमधून बोया आत जाईल एवढं. तसाच एक फुगवायचा बोया आणला, आत दोरीने तळाशी बांधला, व्हेसल पाण्याने काठोकाठ भरलं, हवा काढली आणि झाकण आवळलं. मग हातपंपाने पाणी आत ढकलायला सुरुवात केली. पंपाची नळी 20 लिटरच्या खुणा केलेल्या बादलीत. पाणी दाबलं तर जवळपास आकसत नाही, म्हणून बादलीतून जेवढं पाणी आत गेलं तेवढा बोया आकसला. आधी बोया न घालता नुसत्या पाण्याने भरलेल्या व्हेसलची चाचणी घेऊन त्याचा स्वतःचा फरक वजा केला.

दाबाचा काटा 1 किलोवर (दर चौरस सेंटीमीटरला) आला, म्हणजे दहा मीटर खोली: बादलीतून जवळपास दहा लिटर गेलं होतं. 2 किलो, वीस मीटर: सव्वातेरा. 3 किलो, तीस मीटर: पंधरा. आत वीस लिटरचा बोया पाच लिटरचा उरला होता. शाळेत शिकलेला बॉइलचा नियम आहे, दाब चौपट तर आकारमान पाव. पण बादली तळाला जाताना डायव्हर काहीच बोलला नाही, नुसता पाहत राहिला. मासा बोयाला जितका खाली ओढतो, तितकी बोयाची उचल कमी होते, आणि मग तो अजून सहज खाली जातो. वरची वीस किलोची उचल खाली पाच किलोचीच राहिली होती.

पर्याय

आम्ही चार वाटा मांडल्या.

एक, परदेशी तयार संच. चांगले मिळतात. पण कोणता घ्यायचा हे कळायला जे प्रश्न विचारावे लागतात ते आम्हाला तेव्हाच पडायला लागले होते. शिवाय दोष कुठे आहे हे स्वतः पाहिल्याशिवाय त्याचा भरवसा बसणार नव्हता.

दोन, बोया-दोर सोडून बंदुकीवर रीळ. छोट्या आणि मध्यम माशाला ठीक. मोठ्या माशाने रीळ संपवलं की पुन्हा तोच प्रश्न, बंदूक सोडायची की धरायची. हा पर्याय लगेच बाद केला.

तीन, एकच मोठा कडक बोया आणि साधा दोर. सोपं, तुटण्यासारखं कमी. पण सुरमईचं मांस मऊ. मोठा बोया एकदम अडला की झटका बसतो आणि भाला मांस फाडून निघतो.

चार, मध्ये रबराचा ताणणारा दोर, एकामागे एक दोन बोये, आणि बंदूक पूर्ण सुटी. भाल्याला बांधलेलं तंगूस (नायलॉनची एकसंध जाड तार) थेट बोयाच्या दोराला जोडायचं. भाला सुटला की बंदूक हातात राहते आणि माशाची ओढ तिच्यापर्यंत येतच नाही. तिकडे याला ब्रेकअवे म्हणतात. यात तोटाही आहे. जोड जास्त, आणि रबर मऊ अडवतं म्हणून मासा पाण्यात जास्त वेळ राहतो. तिकडच्या पाण्यात शार्क आहेत. जितका वेळ जखमी मासा दोरावर, तितकी शार्कला संधी. डायव्हरने यावर एक रात्र विचार केला. सकाळी म्हणाला, "मासा शार्कने नेला तर नेला. मला पुन्हा कशाला बांधून घ्यायचं नाही." चौथा पर्याय ठरला.

चाचणी वाशीच्या पुलाखाली खाडीत घेऊ, असं त्याचं म्हणणं होतं. मी नाही म्हणालो. गढूळ पाणी, ओढ, उथळपणा, खोलीचा एकही प्रश्न तिथे सुटत नाही. आणि ठाणे खाडीचा काही भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. बंदूक-भाला घेऊन तिकडे जायचं कारणच नाही.

काय केलं

पहिला बोया आम्ही पोकळ पॉलिथिलीनचा बनवून घेतला, रोटोमोल्डिंगने (साचा फिरवत वितळलेलं प्लास्टिक आतून बसवून), 12 लिटर, चार मिलिमीटर जाडीचा. हाताला दगडासारखा कडक. व्हेसलमध्ये काटा 1 किलोवर पोचायच्या आत धप्प आवाज आला आणि बाहेर काढला तर एका बाजूने आत बसलेला. कडक वाटणं आणि बाहेरचा दाब सहन करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या खेपेला त्याच कवचात घट्ट बंद पेशींचा कडक पीयू (पॉलियुरेथेन) फोम भरला, घनमीटरला 80 किलोच्या आसपास घनतेचा. वजन वाढलं, उचल साडेनऊ किलोपर्यंत खाली आली. पण 3 किलो दाबावर बादलीतलं पाणी हललं नाही. एक तास ठेवला, तरी नाही.

दोन्ही बोये असेच करायचे तर विमानात नेणं अवघड होतं. म्हणून मागचा बोया फुगवायचाच घेतला, पण जाड कातडीचा, आत 2 बार (जवळपास 2 किलो) दाब धरणारा, 11 लिटरचा. आत दाब भरलेला असल्याने तो वीस मीटरपर्यंत आकार सोडत नाही, त्याखाली आकसायला लागतो. यावर आमचा वाद झाला तो क्रमाचा. डायव्हर म्हणत होता, फुगवायचा पुढे, कारण तो हलका ओढला जाईल. मी म्हणालो, माशाच्या जवळचा बोया सगळ्यात खोल जाणार, म्हणून जो आकसत नाही तो पुढे. तसंच केलं.

दोराला तरंगणारं पॉलिप्रोपिलीन पुरलं असतं. काकांचंही तेच मत होतं. पण ते उन्हात कुजतं आणि ओल्या हाताला खरखरीत लागतं. आम्ही बाहेरून 9 आणि आतून 6 मिलिमीटरची पीव्हीसी नळी घेतली, आत 3 मिलिमीटरची डायनिमा (अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याची) दोरी. मीटरला साधारण 51 ग्रॅम वजन आणि ती 65 ग्रॅम समुद्राचं पाणी बाजूला सारते, म्हणजे तरंगते. पण दोन्ही टोकं बंद राहून आत हवा राहिली तरच. तीस मीटर नळीतून दोरी घालायची कशी? कापसाच्या बोळ्याला शिवणाचा दोरा बांधला, बोळा नळीत घातला आणि मागून कॉम्प्रेसरची हवा सोडली. बोळा दुसऱ्या टोकाने टप्पकन बाहेर पडला. मग दोऱ्याला दोरी बांधून साबणाच्या पाण्यासकट ओढून घेतली. टोकाची बुचं पहिल्या खेपेला व्हेसलमध्ये गळली. अशी गळकी नळी म्हणजे पुन्हा बुडणारा दोर. दुसऱ्यांदा बुच गोंदाने बसवून वरून दोन ठिकाणी तार आवळली.

रबराचा भाग दहा मीटर लेटेक्स नळीचा, आत रबर ठरावीक लांबीपुढे ताणू न देणारी मर्यादेची दोरी. ती भरण्यासाठी आमची दोन पोरं गल्लीत नळी धरून पंचवीस मीटरपर्यंत मागे सरकत गेली आणि ताणलेल्या अवस्थेत आम्ही टोकं बांधली. चेन ब्लॉक आणि टांगत्या काट्यावर ओढून पाहताना साधी स्प्रिंग क्लिप उघडली. नळी सणकन परत आली आणि पत्र्याच्या पार्टिशनला खोक पडली. त्या रेषेत कुणाचा चेहरा नव्हता. त्याच दिवशी सगळ्या क्लिपा लॉक होणाऱ्या घेतल्या आणि ताणलेल्या रबराच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही हा नियम केला.

तंगूस 2 मिलिमीटरचं, छापील ताकद 180 किलो. गाठ मारलेले तीन तुकडे ओढले, दोन 110 च्या आत गाठीतच तुटले. मग दुहेरी स्लीव्ह (धातूच्या छोट्या नळ्या) दाबून जोड केले. पहिले दोन घसरले, कारण आम्ही स्लीव्ह काठापर्यंत दाबली होती आणि काठाने तंगूस कापलं जात होतं. काठ मोकळे ठेवून मध्येच दाबलं आणि टोकाला लायटरने बोंड केलं, तेव्हा जोड टिकले. प्रत्येक जोडाजवळ स्विव्हल (स्वतःभोवती फिरणारी कडी), म्हणजे मासा गोल फिरला तरी पीळ दोरात जात नाही.

चाकू कमरेच्या पट्ट्यावर पुढे आणला, दोन्ही हात पोचतील असा. आणि बोयाचा दोर अंगावर कुठेही अडकवायचा नाही, क्षणभरही नाही. दोर हातात असला तर मूठ उघडताच तो सुटला पाहिजे.

परिणाम

डिसेंबर ते मार्च तो या संचावर बुडाला. जानेवारीत 19 किलोची सुरमई. रबर ताणलं, पुढचा बोया अर्धा पाण्यात गेला, परत वर आला. चार मिनिटांत मासा दमला आणि डायव्हर पृष्ठभागावर शांत श्वास घेत पाहत होता. दुसऱ्या एका सुरमईचं फक्त डोकं आलं, बाकी शार्कने नेलं. हा तोटा आम्ही आधीच मोजलेला होता.

मार्चमध्ये मोठा कुपा. त्याने दोन्ही बोये खाली नेले. दीडेक मिनिट समुद्रावर काहीच नव्हतं. बोटवाल्याने दिशा धरून बोट नेली आणि तीनशे मीटरवर आधी मागचा, मग पुढचा बोया वर आला. संच पूर्ण परत मिळाला. भाला मात्र मांसातून निघाला होता. मासा जखमी होऊन गेला आणि ते डायव्हरला आजही खुपतं. मलाही.

वेगळं काय करता आलं असतं

कुप्यासाठी त्याने साधा, टोकाजवळ उघडणारी पाकळी असलेला भाला वापरला होता. कुप्यासारख्या ताकदीच्या माशाला सुटं टोक लागतं, जे माशाच्या आरपार जाऊन पलीकडे आडवं होतं. मी बोये आणि दोराच्या पलीकडे पाहिलं नाही. तो भाला माझ्या कामाचा भाग नाही, असं तेव्हा वाटलं. दोराच्या एका टोकाला बोया आहे तसा दुसऱ्या टोकाला भाला आहे, आणि पूर्ण साखळी तपासायला हवी होती.

दिवाळीत माझ्यासमोर पडलेला नायलॉन द्यायच्या आधी मला दोनच प्रश्न विचारायचे होते: दोर पाण्यात कुठे राहणार, आणि बोया किती खोल जाऊ शकतो. त्याच संध्याकाळी काका बंदरावर बोट लावत होते. एक फोन पुरला असता. आणि डायव्हरने पहिल्या मोसमाआधी डर्बनच्या बोटवाल्याला संच दाखवला असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं. दोघांनाही विचारायला आम्हाला संकोच वाटला नव्हता, विचारायचं असतं हेच सुचलं नाही.

एक गोष्ट अजून अनिर्णित आहे. लेटेक्स नळी उन्हाने आणि हवेने चिरते. पहिल्या मोसमानंतर वाकवून पाहिली तर बारीक रेषा दिसल्या. किती मोसम वापरायची, याचा भरवशाचा आकडा माझ्याकडे नाही, म्हणून दर मोसमाला नवी आणि मधल्या काळात टाल्कम पावडर लावून अंधारात, असं ठरवलंय. स्लीव्ह दाबलेले सगळे जोड प्रत्येक खेपेनंतर कापून नवे करायचे.

जूनमध्ये तो पुन्हा येतोय. फोम भरलेला बोया सोबत आणणार आहे. एक मोसम खाली-वर झाल्यावर तो आतून तसाच आहे का, ते व्हेसलमध्ये पाहायचंय. शेजाऱ्याला सांगून ठेवलंय, आणि खुणांची ती बादली मी कुणाला धुवायलाही देत नाही.